दोनशे फूट

पायलट घडवणारे मास्तर एकाच आकड्यासाठी बदनाम होते. "धुक्यात उतरताना दोनशे फुटांवर धावपट्टी दिसली तर उतरा, नाही दिसली तर गुमान वर जा. खाली कोण डोळ्यांत प्राण आणून बसलंय, ते आपण बघायचं नाही," असं ते घसा कोरडा पडेपर्यंत सांगायचे. एका हुशार मुलीने परीक्षेत विमान फक्त दहा फूट जास्त खाली आणलं, तर तिला त्यांनी सरळ नापास केलं. ती रडली, पण मास्तर बधले नाहीत.

आज सकाळी खिडकीबाहेर समोरचं झाडही दिसेना. मास्तरांना धुक्यात विमान खाली येताना ऐकू आलं आणि तसंच वर जाताना. दुसऱ्यांदाही तेच. मग आवाज लांब गेला तो गेलाच.

अर्ध्या तासाने त्याच मुलीचा फोन आला. "सर, दोनशेला काहीच दिसलं नाही, म्हणून दुसरीकडे उतरले. विमानात हॉस्पिटलची पेटी होती. आता गाडीने आठ तास लागतील, तोवर आतलं टिकणार नाही म्हणतात. कुणाचा तरी जीव अडकलाय हो त्यात. मी बरोबर केलं ना?"

"अगदी बरोबर केलंस, बाळ."

फोन ठेवून मास्तर वळले.



"अहो, विमानाचा आवाज मीपण ऐकला," स्ट्रेचरवरून बायको हसत म्हणाली, "आलं ना माझं नवं यकृत?"