संघातली जागा

बीच हँडबॉलची आंतरराष्ट्रीय युवा स्पर्धा यंदा बेंगळुरात भरणार होती, आणि भारतीय मुलींच्या संघात रूपश्रीचं नाव नव्हतं. तिच्या जागी पवित्राला घेतलं होतं. हे कळताच रूपश्रीची आई सुनंदाबाई बनशंकरी भागातल्या घरून रिक्षा करून तडक मैदानावर आल्या आणि सगळ्यांसमोर कोच मंजुनाथांवर तुटून पडल्या.

"त्या पवित्राला वाळूत धड उडी तरी मारता येते का? कुणाचा फोन आला होता तुम्हाला? आठ वर्षं पोरीच्या एकेका सामन्याला मी हजर असते. चुकली की तिथल्या तिथे ओरडते, म्हणून ती इथवर आली!"

सराव करणाऱ्या मुली जागच्या जागी थांबल्या. पवित्रानं मान खाली घातली. सुनंदाबाईंना त्याचंही बरंच वाटलं.

"अक्का, स्वल्प हळू," मंजुनाथ म्हणाले. "मी तिला काढलं नाही. तिनंच लिहून दिलंय."

"खोटं!"

मंजुनाथांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. सुनंदाबाईंनी तो हिसकावून घेतला. अक्षर रूपश्रीचंच होतं.

 

"सर, पुढची स्पर्धा परदेशात असेल तर मला नक्की घ्या. तिथे आई येऊ शकणार नाही."