हडळीच्या निऱ्या

भुताच्या एस्केप रूमचं दार बाहेरून बंद झालं आणि शलाका मनातून खूश झाली. लग्न झाल्यापासून सासूबाई कशालाच दचकलेल्या तिने पाहिल्या नव्हत्या. आज त्यांची एक तरी किंकाळी ऐकायची, म्हणून तर तिने हट्टाने त्यांना इथे आणलं होतं.

दिवे गेले. हडळ झालेली मुलगी हिरव्या साडीत, केस पिंजारून कपाटातून झेपावली. "किल्ली माझ्याकडे आहे! इथून कुणी जिवंत जाणार नाही!"

किंकाळी निघाली ती शलाकाची.

"जाऊ गं बाई, तू आधी नीट उभी राहा. निऱ्या सुटल्यात, पायात येऊन पडशील." सासूबाईंनी हडळीला खांद्याला धरून सरळ केलं. "पोट आत घे. अजून." निऱ्या खोचताना कमरेची किल्ली हाताला लागली, तीही त्यांनी काढून घेतली. "आणि केसांना तेल? आमच्या हिच्यासारखीच दिसतेस तू."

त्या दार उघडायला वळल्या, तशी हडळ पोट आत धरूनच शलाकाच्या कानाशी आली. "ताई, तुम्ही यांच्याबरोबर राहता?"

मान हलवताना शलाकाचे डोळे भरून आले. नवऱ्याला जे कधीच पटलं नाही, ते हडळीला दोन मिनिटांत पटलं होतं.