सुमनच्या बांगड्या

रीलवालीने पैसे घेऊन केलेल्या चकल्यांच्या रीलखाली हजारो बायकांनी विचारलं होतं, ‘ताई, ऑर्डर कशी करायची?’ हुरळून शेवंताने डबेच्या डबे चकल्या तळल्या. फोन एकीचाही आला नाही. बायका खोट्या होत्या. चकल्या तेवढ्या खऱ्या, त्या खवट होऊन उकिरड्यावर गेल्या.

जाब विचारला, तर रीलवाली गोड आवाजात म्हणाली, “तुमच्या बचत गटातली दुसरी कुणी आणा, तुमचे पैसे परत.”

आज गटाच्या बैठकीत पापडवाली सुमन हातातल्या बांगड्या चाचपत म्हणाली, “वहिनी, तुम्ही हो म्हणालात तरच रीलसाठी या मोडते.”

शेवंताने आपला पहिला घाणा तळला होता, तो याच सुमनच्या कढईत.

“डोळे झाकून दे गं,” ती म्हणाली. “मला तर माल पुरला नाही.”

बांगड्या उतरवून सुमन आधी तिच्याच पाया पडली.