ट्रकवाल्याची खूण

व्रात्सा शहराच्या रस्त्यावर सूर्यफुलाच्या बियांनी भरलेला ट्रक आमच्या व्हॅनपुढे रांगत होता. ट्रकवाल्याने उजवा दिवा लुकलुकवला. समोरून कुणी येत नाही, जा पुढे, अशी ती खूण. मी गेलो नाही. त्याने पुन्हा खूण केली. मागच्यांनी हॉर्नचा धडाका लावला.

"भाऊजी, झोपलात का?" शेजारी बसलेला मेहुणा सावा वैतागला. "एरवी ताई ओरडली तरी तिघांना एकदम मागे टाकायचात! तिकडे पाद्री चर्चच्या दारात ताटकळलाय, अख्खं गाव खोळंबलंय."

"खोळंबू दे," मी म्हणालो.



व्हॅनच्या मागच्या भागात शवपेटीत माझी बायको होती, आणि गाव आलं की लोक तिला माझ्या गाडीतून उतरवून नेणार होते.