संघात कोण राहिलं?

दोन पेशंटांच्या मधल्या वेळात महिनाभर डोकं शिणवून दाताच्या डॉक्टरांनी आइस हॉकीचा सर्वकालीन संघ बांधला. कुणाचा वेग कमी, कुणाचा नेम कच्चा, असं म्हणत शंभर वर्षांतल्या भल्याभल्यांना घरी बसवलं. रविवारी मेव्हणा आला, तेव्हा मिशीला पीळ देत त्याला सगळी नावं ऐकवली. "काढ खोट."

मेव्हण्याने बोटांवर मोजत ऐकलं. "संघ जबरदस्त आहे दाजी. फक्त गोलात कुणीच उभं नाही."

रोज दुसऱ्यांना आ करायला लावणाऱ्या डॉक्टरांच्याच तोंडाचा आ झाला.

बायको भावाला म्हणाली, "कॉलेजात हे स्वतः गोलकीपर होते. गोलकीपर कुणाच्या लक्षातच राहत नाही, हे रडगाणं लग्नापासून ऐकतेय मी.

आज पटलं."