क्रूसावरचं शेवाळ

वेशीवरच्या दगडी क्रूसावर कुऱ्हाड कोरलेली आहे, म्हणजे किलियानच्या पूर्वजाने वालबुर्गाच्या पूर्वजाचा खून केला आणि प्रायश्चित्त म्हणून तो क्रूस उभारला, हे सगळं गाव पिढ्यानपिढ्या सांगत आलं होतं. त्या पापाची भरपाई म्हणून दर शरदात म्हातारा किलियान बिअरचं पिंप आणि सॉसेज घेऊन वालबुर्गाच्या दारात उभा राहायचा. "आला का खुनी?" म्हणत ती दार उघडायची, आणि मग ते दोन एकटे जीव पिंप रिकामं होईपर्यंत खिदळत बसायचे.

यंदा पुरातत्त्व खात्याचे साहेब आले. त्यांनी मऊ ब्रशने शेवाळ काढलं आणि ते आनंदाने ओरडले, "अहो, कुऱ्हाड कसली? हा तर वाट दाखवणारा हात! खूनबीन काही झालेला नाही. किलियान, अभिनंदन, तुमचं घराणं निर्दोष आहे! वसंतात मोठ्या साहेबांना आणून दाखवतो, मग पाटी लावू."

"म्हणजे आता काही द्यायला नको," किलियान म्हणाला.

"आणि मला घ्यायलाही नको," वालबुर्गा म्हणाली. दोघांचे चेहरे सुतकी झाले.

दगडाला ताक फासलं की शेवाळ लवकर धरतं, हे त्या गावात कुणाला शिकवावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच किलियान किटलीभर ताक घेऊन क्रूसापाशी गेला आणि तो कोरलेला हात लिंपू लागला. मागे पावलं वाजली. वालबुर्गा उभी होती, पाठीमागे भांडं लपवून.

तिने एकदा दगडाकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि भांडं पुढे काढलं.

"सरक, खुन्या," ती म्हणाली, "अंगठा राहिलाय अजून."