ठणठणीत

डॉक्टर मेधाताई आठल्यांच्या पत्राला श्रीनिवासरावांनी संकोचापायी उत्तर दिलं नव्हतं. ‘नाकातल्या त्या पुळीनं नाक लाल होऊन सुजलं, ताप आला, तर त्या यंत्राला विचारत बसू नका. सरळ माझ्याकडे या,’ असं त्यात होतं.

आज चौथा दिवस. नाक लालबुंद, अंगात ताप. भिंतीवरच्या आरोग्ययंत्राला ते पुन्हा म्हणाले, “नाक ठणकतंय हो.”

“छान! डॉक्टरांची गरज नाही.”

आपलंच काही चुकतंय का? संशयानं त्यांनी यंत्रातली नोंद उघडली. चारही दिवस एकच शब्द होता: ठणठणीत.

मेधाताईंच्या दारापर्यंत ते चालत गेले. ‘नाक ठणकतंय. तुम्हाला तरी कळेल,’ एवढंच उत्तर त्यांनी पत्रपेटीत टाकलं आणि घंटा दाबली.